लालूंना भाजपने अडकवलं म्हणे!

तो मेसेज परत फिरतोय. १९९० ला बिहारचे तेव्हाचे मुख्यमंत्री लालूप्रसाद यादव यांनी समस्तीपूरला अडवाणींना अटक केली म्हणून भाजपने चारा घोटाळ्यात (जनावरांच्या चाऱ्याच्या खोट्या बिलांवर सरकारी पैसा लाटल्याच्या प्रकरणात) त्यांचा सूड घेतला, खरं तर चौकशी लालूंनीच लावली होती, शिक्षा फक्त मागासांनाच होते आणि त्यांच्याकडे एक रुपयाही सापडला नाही. वाचायला भारी आहे पण तारखा बघा ना जरा.

सूडाचं आधी. जानेवारी १९९६ मध्ये तेव्हा बिहारमध्ये असलेल्या चाईबासाला अमित खरे या डेप्युटी कमिशनरने पशुसंवर्धन खात्यावर धाडी टाकल्या तेव्हा दिल्लीत नरसिंह राव होते. जून १९९७ ला चार्जशीट आली तेव्हा पंतप्रधान गुजराल, म्हणजे जनता दलाचे, आणि त्या पक्षाचे अध्यक्ष कोण तर खुद्द लालू! २०१३ ला पहिली शिक्षा झाली तेव्हा मनमोहन सिंग. भाजपवाले कोर्टात याचिका घेऊन गेले होते हे खरंय, पण भाजपबाहेरचे नेते शिवानंद तिवारीपण होते आणि ते पुढे लालूंच्याच पक्षात गेले.

चौकशी लावली हे अर्धंच खरं. राज्याची चौकशी लावली, पण पाटणा हायकोर्टाने सीबीआयकडे तपास दिल्यावर तो थांबवायला बिहार सरकारच सुप्रीम कोर्टात गेलं आणि हरलं.

जातीचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. डिसेंबर २०१७ ला देवघर ट्रेझरीच्या (सरकारी कोषागाराच्या) केसमध्ये माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा, जे ब्राह्मण, सुटले आणि लालू दोषी ठरले, एकाच दिवशी, लोकांना राग येणारच. पण पुढच्याच महिन्यात चाईबासाच्या दुसऱ्या केसमध्ये दोघांनाही पाच पाच वर्षं झाली, आणि २०१३ लाही मिश्रांना चार वर्षं झालेलीच की, ते मेसेजमध्ये का नाही?

राहिला रुपया. बेहिशेबी मालमत्तेच्या केसमध्ये लालू २००६ ला निर्दोष सुटले, मान्य. पण चाऱ्याच्या केसेस कटाच्या आहेत, खोट्या बिलांवर ट्रेझरीतून कोट्यवधी निघत होते, जनावरं वाहून नेल्याची बिलं आणि गाड्यांचे नंबर तपासले तर स्कूटरचे, आणि अर्थखातं तेव्हा मुख्यमंत्री लालूंकडेच होतं.

२०१३ ला खासदारकी गेली, तीही कुणाच्या कटाने नाही. आमदार-खासदार गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला की पद लगेच जातं हा सुप्रीम कोर्टाचा निकाल जुलैतच आला होता, त्यातून वाचवणारा वटहुकूम काँग्रेस सरकारने काढायला घेतला आणि राहुल गांधींनीच त्याला जाहीरपणे मूर्खपणा म्हटल्यावर मागे घेतला. त्यानंतर २०२२ पर्यंत आणखी चार केसेसमध्ये दोषी, शेवटची रांचीतल्या डोरंडा ट्रेझरीची, १३९ कोटींची.