बोलिंग ग्रीनचं काय करायचं ते नंतर ठरवा, आधी गवत कापा!

इथे इंग्लंडात आमच्या पार्कच्या फाटकावर आज कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, कागद लागलाय. ‘वापरात नसलेल्या बोलिंग ग्रीनचं पुढे काय करावं? आपलं मत कळवा.’ खाली चार चौकोन: मुलांची खेळणी, भाजीचे वाफे, रानफुलं, इतर. वाचून डोकंच फिरलं. दोन उन्हाळे तिथे मशीन फिरवलं नाही, गवत गुडघ्यापर्यंत वाढू दिलं आणि आता त्याच गवताचा फोटो छापून विचारतात, काय करू या? अहो, मशीन थांबवलंत तेव्हाच तुम्ही ठरवून मोकळे झालात की!

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात. लॉन बोल्स म्हणजे गवतावरून जड गोळे (बोल) घरंगळवत छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ न्यायचा खेळ. त्याचं सपाट ग्रीन म्हणजे साधारण ३१ ते ४० मीटर बाजूचा चौकोन, चारी बाजूंनी चर आणि चराच्या पलीकडे बांध. (उत्तर इंग्लंडात आणि मिडलँड्सच्या बऱ्याच भागात मधोमध उंचवटा असलेलं क्राउन ग्रीन असतं. आमचं सपाट आहे.) उन्हाळ्यात गवत चार-पाच मिलिमीटरवर कापतात, कॅरमबोर्डासारखं गुळगुळीत. खाली निचऱ्याचे पाइप, त्यावर खडी, त्यावर वीस-तीस सेंटीमीटर रेताड माती. जुन्या ग्रीनखाली कोळशाची राख. खरी किंमत या पोटातल्या कामाची आहे, आणि ती फोटोत दिसत नाही.

कौन्सिलच्या सभेत ते दाखवलं एका म्हाताऱ्या माळीबुवांनी. आयुष्यभर ग्रीन राखलेला माणूस. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला मातीचा एक तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला, चाकूने उभा कापून काढलेला. वर गवत, खाली दोन बोटं जाडीचा तपकिरी स्पंजासारखा थर, त्याखाली माती, तळाला काळी राख. कौन्सिलचे साहेब काय म्हणाले? ‘ही माती टेबलावरून उचला, प्लीज.’

त्या तपकिरी थरावरच सगळं अडलंय. त्याला थॅच म्हणतात. मेलेली खोडं आणि मुळं कुजत नाहीत, साचत जातात. मग पाणी वरच अडकतं, मुळं खाली जात नाहीत, बेंट आणि फेस्क्यू हे बारीक पात्याचं गवत हटतं, आडदांड गवतं घुसतात. आणखी काही वर्षांत झाडांची मुळं निचऱ्याच्या पाइपात शिरतील. हे परत आणायचं तर दरवर्षी शरद ऋतूत थॅच खरवडून काढा, यंत्राच्या दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या पोकळ दातांनी सात ते दहा सेंटीमीटर खोल भोकं पाडा, निघालेली माती गोळा करा, तीन ते पाच टन वाळूमिश्रित माती पसरून घासा, बी पेरा. असे दोन-तीन हंगाम.

याउलट नुसतं जिवंत ठेवायला काय लागतं? वाढीच्या दिवसांत आठवड्याला एकदा बारा-पंधरा मिलिमीटरवर कापणी, कापलेलं गवत उचलणं, हिवाळ्यात चिरा पाडणं, चरातली पानं काढणं. बस्स.

हो, खेळणारे कमी झालेत, मान्य. कौन्सिलकडे पैसा नाही, तेही मान्य. पण मग ज्यात पैसा जातो तेच पर्याय कागदावर कसे?

भाजीच्या वाफ्यांचंच घ्या. कल्पना गोड आहे, मेथी-कोथिंबीर लावायला आपलीच माणसं सगळ्यात आधी धावतील. पण माळीबुवांच्या तुकड्याच्या तळाची ती काळी राख आठवा. तिच्यात जड धातू असू शकतात. शिवाय गेल्या शतकात ग्रीनवर पाऱ्याची बुरशीनाशकं आणि गांडुळं मारायला लेड आर्सेनेट, क्लोरडेन सर्रास वापरत. गांडुळांनी वर टाकलेल्या मातीने बोल भरकटतो, म्हणून. तेव्हा शिसं, आर्सेनिक, पारा यांची तपासणी झाल्याशिवाय त्या मातीतली पालकाची भाजी मुलांना खाऊ घालू नका. दोष निघाला तर तळाशी कापड घालून उंच वाफे करा, माती बाहेरून आणा. सभेत या विषयावर अवाक्षर नाही!

रानफुलं मला मनापासून आवडतात. रेताड, कमी कसाची जमीन त्यांना मानवतेही. पण थॅचवर नुसतं बी उधळलं तर ते मातीला टेकतच नाही. वरचा थर सोलावा लागतो. यलो रॅटल (गवताचा जोर कमी करणारं रानफूल) शरद ऋतूतच पेरावं लागतं, थंडी खाल्ल्याशिवाय ते उगवत नाही. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये कापून गवत बाहेर न्यायचं, नाहीतर कस वाढून फुलं दडपतात. पहिल्या उन्हाळ्यात ते उकिरड्यासारखं दिसणार, लोक तक्रार करणार आणि कोणीतरी घाबरून सगळं कापून टाकणार.

खेळण्यांसाठी खोदायचं तर आधी निचऱ्याचा नकाशा काढा. पाइप तोडलात तर झोपाळ्याखाली तळं.

कागदावर नसलेलं एक सांगते. क्रोके, म्हणजे लाकडी हातोड्याने चेंडू कमानींतून मारायचा खेळ. त्याचं पूर्ण मैदान ३२ बाय २५.६ मीटर. बहुतेक सपाट ग्रीनवर ते आरामात बसतं, गवतही तसंच बारीक लागतं. एकाच मशीनवर दोन खेळ. कडेच्या वाटेला जागा असेल तर खडी टाकून १५ बाय ४ मीटरची पेटाँकची (धातूचे गोळे फेकायच्या खेळाची) पट्टी. ज्यांना गवत राखणं जमत नाही, त्यांच्यासाठी तर फारच सोपं.

आणि २ ऑगस्ट २०२२ विसरलात? लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया, रूपा राणी तिर्की. कॉमनवेल्थ गेम्सच्या फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेला १७-१० हरवून सुवर्ण. कुठे? लेमिंग्टन स्पाच्या व्हिक्टोरिया पार्कात. सार्वजनिक बागेतलं ग्रीन होतं ते. त्या दिवशी आपण सगळेच लॉन बोल्सचे जाणकार झालो होतो ना?

जागा विकायला काढली तर १९७२ च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टप्रमाणे स्थानिक वर्तमानपत्रात सलग दोन आठवडे नोटीस द्यावी लागते आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. तेवढी नजर ठेवा.

असो. चिडून काय होणार, फॉर्म तर भरायचाच आहे. ‘इतर’वर खूण करा आणि लिहा: दोन हंगाम गवत कापत राहा, मातीची तपासणी करून निकाल सगळ्यांना दाखवा, निचऱ्याचं तोंड साफ करा, पॅव्हिलियनचं पाणी आणि वीज तोडू नका. संडास बंद असलेल्या ठिकाणी सत्तरीची माणसं खेळायला येत नाहीत. आणि कापणी एप्रिलपासून हवी म्हणून ठणकावून लिहा, नाहीतर नोव्हेंबरात मशीन पाठवतील.