‘निव्वळ वेठबिगारी’ म्हणणाऱ्या वाचकांना

शिया या आफ्रिकेतल्या, बियांपासून लोणी देणाऱ्या झाडावरच्या माझ्या लेखाखाली परवा एक लांबलचक प्रतिक्रिया आली. त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘मॅडम, पुण्यात पंख्याखाली बसून आफ्रिकेतल्या बायकांच्या कष्टांचं कौतुक करणं सोपं आहे, परंपरा कसली, ही निव्वळ वेठबिगारी.’ पुढे चॉकलेट कंपन्या, बियांचे भाव आणि जळण यांवरूनही सुनावलं होतं.

आधी त्या पंख्याबद्दल. तुम्ही मला ओळखत नाही. मी उत्तर घानात तामालेच्या आसपासच्या गावांमध्ये काम केलं आहे. लहानपण गोंदिया जिल्ह्यात गेलं. पहाटे आजीबरोबर मोहफुलं वेचली आहेत, टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल घरी काढलेलं पाहिलं आहे. मोह आणि शिया एकाच कुळातले, चिकूच्या. असं झाड घरात काय काय पुरवतं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मुद्दा मांडायला टोमणा लागतोच असं नाही, एवढं तरी पाळा.

कष्ट नाहीत असं मी कुठे लिहिलंय? पहाटे अंधारात पडलेली फळं वेचायची, गवतात साप-विंचवांची भीती, मग डोक्यावरून ओझं. बिया उकळायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, भाजायच्या, दळायच्या. हे सगळं लेखात आहे. तुम्ही ते वाचलं नाही, किंवा वाचूनही सोडून दिलंत.

पण एवढंच पाहिलं तर लोणी काढणाऱ्या बाईला काय काय करता येतं, ते दिसतच नाही. दळलेला तपकिरी लगदा मोठ्या घमेल्यात घेऊन ती कोपरापर्यंत हात घालून फेटत असते. मधूनमधून पाणी. किती आणि कधी, ते तिचा हात ठरवतो. लगदा फिकट होत पांढुरका पडतो, जड होता तो हलका होतो आणि चरबी वर येते. ती धुऊन, कढवून, निथळून लोणी होतं. मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाने १७९६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या बांबारा प्रदेशात हे लोणी पाहिलं आणि ते मिठाशिवाय वर्षभर टिकतं, अशी नोंद केली. हे कौशल्य मी नुसतं कष्ट म्हणून मोजणार नाही.

आणि ते झाड? ते सहसा कुणी लावत नाही. शेत मोकळं करताना चांगली झाडं राखायची, बाकीची तोडायची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची निवड आहे. फळं धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात, म्हणजे राखणारा नातवंडांसाठी राखतो. फळं पिकतात ती मे ते ऑगस्टच्या सुमारास, नेमकी कणगी तळाला गेलेली असताना आणि नांगरणी-पेरणीची घाई चालू असताना. गर मुलं जागच्या जागी खातात. लोणी स्वयंपाकात, बाळाच्या अंगाला, कोरड्या टाचांना, दिव्यात. उरलेला चोथा चुलीत, मातीच्या भिंतीला लिंपायलाही. लाकडाची उखळं-मुसळं. जमीन बहुतेक पुरुषांच्या नावावर असते. वेचणं, लोणी काढणं आणि विकणं मात्र बायकांचं, आणि त्याचा पैसाही बहुधा त्यांच्याच हातात. त्या पैशातून मुलांची फी जाते. हे सगळं ‘निव्वळ’ या एका शब्दात बसवायला मी तयार नाही.

जळणाबद्दल मी एकच ओळ लिहिली, हे खरं. उकळणं, भाजणं, कढवणं या तिन्ही वेळा लाकूड जातं. तिथे आणखी लिहायला हवं होतं.

भाव आणि चॉकलेट हे विषय त्या लेखाचे नव्हतेच. युरोपने २००० साली चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय इतर वनस्पती चरबी, शियाही त्यात आली, ५ टक्क्यांपर्यंत चालू दिली, हे मला ठाऊक आहे. त्यावर वाद घालायचा असेल तर वेगळा घालू.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचं उत्तर हवं असेल तर लेख शेवटपर्यंत वाचून, माझ्या पंख्याची चौकशी न करता लिहा.