‘अठरा झाली की घराबाहेर’ : अमेरिकेच्या त्या फॉरवर्डला क्वीन्समधून उत्तर

परत आला तो मेसेज. दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवतोच, मथळा ठरलेला, अमेरिकेत कुटुंबव्यवस्था संपली, आणि शेवटी हात जोडलेले इमोजी. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल (कठीण आहे, पण असू दे) त्यांच्यासाठी सार सांगतो: मुलगा १८ चा झाला की आईबाप त्याला घराबाहेर काढतात, ते म्हातारे झाले की तोच मुलगा त्यांना वृद्धाश्रमात टाकतो, दर दुसरं लग्न मोडतं, काळ्या लोकांत तर कुटुंब नावाची चीजच उरली नाही, बंगला आणि दोन गाड्या प्रत्येकाकडे पण बंगल्यात माणूस एकटा, सोबतीला कुत्रा. आणि मग आपली एकत्र कुटुंबपद्धती कशी महान वगैरे वगैरे.

मी राहतो क्वीन्समध्ये. न्यूयॉर्क शहराचे पाच भाग आहेत, बरो म्हणतात त्यांना, त्यातला हा एक, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २४ लाख ५ हजार, म्हणजे २०११ ला आपलं नागपूर शहर होतं जवळजवळ तेवढंच. साधारण निम्मी माणसं दुसऱ्या देशात जन्मलेली, निम्म्याहून जास्त लोक घरात इंग्रजी सोडून काहीतरी वेगळं बोलतात. आता लगेच कोणीतरी म्हणणार की क्वीन्स म्हणजे काही खरी अमेरिका नाही. अहो मग खरी कुठली ते तरी सांगा, कारण फॉरवर्ड तर सरसकट ‘अमेरिकेत’ असं म्हणतो, आणि नागपूरएवढी वस्ती त्यात बसत नसेल तर वाक्यच चुकलं ना. तरीही मी देशाचे आकडे पण सोबत देतोय, म्हणजे तक्रार नको. हे आकडे काही लपवलेले नाहीत, दहा वर्षांनी होणारी जनगणना आता मोजकेच प्रश्न विचारते पण अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे म्हणून एक प्रकार २००५ पासून दरवर्षी देशभर चालतो, साधारण ३५ लाख पत्त्यांवर फॉर्म जातो आणि त्यात घरात कोण कोणाचं कोण, लग्न झालंय का मोडलंय, आजी नातवाला सांभाळते का, घरी भाषा कुठली, सगळं विचारतात. कोणालाही फुकट बघता येतं.

आता ते १८ चं. इतकं ठाम लिहिलेलं असतं की वाटावं तसा कायदाच आहे. कायदा उलटाय. न्यूयॉर्क राज्यात मुलाला पोसायची कायदेशीर जबाबदारी आईबापांवर २१ वर्षांपर्यंत असते. कॉलेजसाठी सरकारी मदतीचा फॉर्म भरायचा तर मूल २४ चं होईपर्यंत आईबापांचं उत्पन्न विचारतात, लग्न झालेलं किंवा सैन्यात गेलेलं असे अपवाद सोडले तर. आणि २०१० च्या ओबामांच्या आरोग्य कायद्यापासून मुलगा-मुलगी २६ पर्यंत आईबापांच्या इन्शुरन्सवर राहू शकतात. म्हणजे सरकारच धरून चाललंय की पोरं विशीत आईबापांवर अवलंबून असणार, आणि आमचे काका म्हणतात की १८ ला पिशवी भरून देतात.

बरं, कायदा सोडा, प्रत्यक्षात काय. आमच्याकडे सिटी युनिव्हर्सिटीची कॉलेजं आहेत, क्वीन्स कॉलेज, यॉर्क, लाग्वार्डिया, क्वीन्सबरो. क्वीन्स कॉलेज १९३७ चं, आणि तिथे पहिलं हॉस्टेल बांधलं २००९ ला! बहात्तर वर्षं पोरं घरून डबा घेऊन बसने येत होती, अजूनही बहुतेक तशीच येतात, सकाळी ७ नंबरच्या ट्रेनमध्ये बघा. देशाचं बोलायचं तर प्यू रिसर्च या तिथल्या पाहण्या करणाऱ्या संस्थेच्या हिशोबात जुलै २०२० मध्ये १८ ते २९ वयाचे ५२ टक्के तरुण आईबापांपैकी एकाकडे तरी राहत होते. कोविडमुळे, बरोबर, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत, कोविडच्या आधी, तो आकडा ४७ होता. यात हॉस्टेलवरची पोरंही आईबापांच्या घरी धरतात हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, त्यामुळे थोडा फुगलेला आहे, पण फॉरवर्डला जिंकवण्याइतका नाही.

मला यातला गमतीचा आकडा १९६० चा वाटतो. तेव्हा फक्त २९ टक्के. १९४० ला ४८, मग खाली २९, मग परत वर. म्हणजे फॉरवर्डमधली जी अमेरिका आहे ती साठ वर्षं जुनी आहे, आणि तेव्हाही पोरांना कोणी हाकलत नव्हतं, ती लग्न करून बाहेर पडत होती. १९६० मध्ये पहिल्या लग्नाचं मीडियन (म्हणजे निम्मे त्याच्या खाली, निम्मे वर) वय पुरुषांचं २२.८ आणि बायकांचं २०.३ होतं, आता ३० आणि २८ च्या वर गेलंय. क्वीन्सची हद्द ओलांडून नासाऊ काऊंटीत शिरलं की लेव्हिटटाऊन लागतं, १९४७ पासून तिथे युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी हजारोंनी एकसारखी स्वस्त घरं बांधली, सरकारी हमीचं कर्ज, नोकऱ्या भरपूर, बावीसचा पोरगा बायको घेऊन स्वतःच्या घरात जाऊ शकत होता म्हणून गेला. आज क्वीन्समध्ये त्याच वयाच्या पोराला एक खोली परवडत नाही म्हणून तो आईकडे आहे. यात संस्कार कुठे आले मला कळत नाही, भाडं मात्र दिसतंय.

वृद्धाश्रम. देशात ६५ च्या वरचे लोक २०२० ला साडेपाच कोटींहून जास्त होते, नर्सिंग होममध्ये (आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, इथे कायम देखभाल लागणाऱ्यांचा आश्रम) राहणारे साधारण १३ लाख. भागाकार तुम्हीच करा, अडीच टक्क्यांच्या आसपास येतो, आणि त्यात ८५ च्या पुढचे, डिमेन्शिया झालेले, हॉस्पिटलातून तात्पुरते आलेले असे बरेच. मग बाकीचे कुठेत? आपापल्या घरी, नवरा-बायको दोघं, किंवा मुलांकडे, किंवा एकटे. एकटे साधारण २८ टक्के, हे खरंय आणि हे कमी नाही. फॉरवर्डवाल्याने हा आकडा वापरला असता तर मला उत्तर द्यायला जड गेलं असतं. पण त्याला वृद्धाश्रमच पाहिजे, कारण त्यात मुलगा खलनायक होतो.

त्या एकट्यांचंही एक गणित आहे. क्वीन्समध्ये दोन-कुटुंबी घरं खूप, म्हणजे एकच घर, खाली एक बिऱ्हाड वर एक, दोन दारं, दोन स्वयंपाकघरं. रिचमंड हिल, ओझोन पार्क, कोरोना, जॅक्सन हाइट्स, कुठेही जा. खाली आजी, वर मुलगा-सून-नातवंडं. आजी सकाळी वर जाऊन पोरांना शाळेला तयार करते, रात्री सगळे एकत्र जेवतात, पण सर्व्हेच्या कागदावर ही दोन घरं आहेत आणि आजी ‘एकटी राहणारी ज्येष्ठ महिला’. कारण अमेरिकेत घर मोजतात ते राहायच्या जागेवरून, वेगळं दार वेगळं घर. आपल्या भारतीय जनगणनेत कुटुंब ठरतं एका स्वयंपाकघरावरून, एकत्र जेवतात ते एक. हीच आजी आपल्या मोजणीत एकत्र कुटुंबात गेली असती! दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून गळे काढणाऱ्यांनी हे एकदा तरी बघावं. इथल्या घरांच्या जाहिरातींत तर ‘मदर-डॉटर’ असा एक प्रकारच असतो, एका कुटुंबाच्या घरात आईसाठी जोडलेला छोटा भाग, हा शब्द काही देशी लोकांनी आणलेला नाही, न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे चांगला जुना आहे.

आणि सेवा. न्यूयॉर्कमध्ये मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याची, एक योजना आहे ज्यात आजारी आईला सांभाळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सरकार तासाप्रमाणे पगार देतं. नवरा-बायकोला एकमेकांसाठी नाही मिळत, मुलांना मिळतो. हे ऐकून आमच्या एका मावशींनी नाक मुरडलं, आईची सेवा पैसे घेऊन? मी म्हटलं मावशी, नोकरी सोडून सेवा करायची म्हटलं तर घर कशावर चालणार, आपल्याकडे ती नोकरी नेहमी सुनेने सोडायची असते म्हणून आपल्याला हिशोब दिसत नाही. देशभरात घरच्या माणसाची अशी देखभाल करणारे २०२० च्या एका मोठ्या पाहणीत ५ कोटी ३० लाख निघाले होते, बहुतेक सगळे बिनपगारी.

घटस्फोटाचं पटकन उरकतो. ‘निम्मी लग्नं मोडतात’ हे येतं कुठून तर एका वर्षातली लग्नं आणि त्याच वर्षातले घटस्फोट शेजारी ठेवून. २०२२ मध्ये दर हजार लोकांमागे लग्नं ६.२ आणि घटस्फोट २.४, पण त्या वर्षी मोडलेली लग्नं ही त्या वर्षी झालेली नाहीत, ती मागच्या तीस-चाळीस वर्षांतली आहेत, त्यामुळे हा भागाकारच चुकीचा. दर सगळ्यात वर होता १९८१ च्या सुमारास, ५.३, आता निम्म्याहून कमी. त्यातही फरक बघा: प्यूच्या अंदाजात कॉलेज झालेल्या बायकांची पहिली लग्नं वीस वर्षं तरी टिकण्याची शक्यता ७८ टक्के, शाळेपर्यंतच शिकलेल्यांची ४०. एकाच देशात दोन वेगळे देश आहेत हे, आणि फॉरवर्ड दोन्हीला एकच दर लावतो. हो, पन्नाशीनंतरचे घटस्फोट १९९० ते २०१० मध्ये दुप्पट झाले, आणि देशात दर दहातली चार मुलं लग्नाबाहेर जन्मतात, हेही खरं. आहे ते आहे. पण लग्नाबाहेर जन्मलेलं मूल म्हणजे बाप गायब असं नसतं, कित्येक जोडपी लग्न न करता एकत्रच राहतात, आणि १८ खालची साधारण ७० टक्के मुलं आजही दोन पालकांसोबत राहतात.

काळ्या लोकांचा मुद्दा वाचून मला खरंच राग येतो, कारण तो पाठवणाऱ्यांना आपण काहीतरी वाईट बोलतोय याची जाणीवही नसते. क्वीन्सचा आग्नेय भाग, सेंट ऑल्बन्स, केम्ब्रिया हाइट्स, लॉरेल्टन, स्प्रिंगफील्ड गार्डन्स, हा काळ्या मध्यमवर्गाचा पट्टा आहे. २००५ च्या सर्व्हेत क्वीन्समध्ये काळ्या घरांचं मीडियन उत्पन्न गोऱ्या घरांपेक्षा थोडं जास्त निघालं होतं, साधारण ५२ हजार डॉलर, गोऱ्यांचं ५१ च्या आसपास. न्यूयॉर्कच्या पेपरांत मोठी बातमी झाली तेव्हा. कारण काय, तर जमैका, हैती, गयानाकडून आलेली कुटुंबं, दोघंही कमावते, नर्स, बस-ट्रेनच्या नोकऱ्या, सरकारी ऑफिसं, स्वतःची घरं. नवरा-बायको दोघांचं कुटुंब होतं म्हणूनच तो आकडा वर गेला! सेंट ऑल्बन्समधल्या ॲडिसली पार्कमध्ये जॅझ संगीतातले काऊंट बेसी, एला फिट्झजेराल्ड, बेसबॉलवाला जॅकी रॉबिन्सन असे लोक राहिलेत, आणि त्याच ॲडिसली पार्कच्या खरेदीखतांत आधी अट होती की काळ्यांना विकायचं नाही, लेव्हिटटाऊनमध्येही तीच अट. अशा अटी कोर्टात चालणार नाहीत असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९४८ मध्ये दिला, तरी लेव्हिटटाऊन पुढेही कितीतरी वर्षं गोरंच राहिलं. कुटुंब कसं टिकलं-मोडलं बोलायचं असेल तर आधी घर कोणाला घेऊ दिलं ते बोला.

बंगला आणि दोन गाड्या, हा सगळ्यात सोपा. क्वीन्समध्ये निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं भाड्याची, आणि साधारण एक तृतीयांश घरांत गाडीच नाही. बेकायदा तळघरांत किती राहतात ते १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळात जगाला कळलं, एका रात्रीत पाणी शिरून शहरातल्या तळघरांत ११ माणसं गेली, त्यातली बहुतेक क्वीन्समधली. तीन पिढ्या एका छताखाली हा जो प्रकार फॉरवर्डला हवाय तो इथे भरपूर सापडतो, कधी प्रेमाने, कधी नाइलाजाने, आणि सर्व्हेला त्यातला फरक कळत नाही. देशात अशा अनेक-पिढ्यांच्या घरांत राहणारे १९७१ ला ७ टक्के होते, २०२१ ला १८, म्हणजे जवळपास सहा कोटी माणसं. वाढतायत, संपत नाहीयेत.

राहिली आपली महान एकत्र कुटुंबपद्धती. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतात घरामागे सरासरी माणसं ४.४ आणि निम्म्याहून जास्त घरं विभक्तच. हे वेगळं सांगायलाच नको खरं तर, हा मेसेज मला ज्यांनी ज्यांनी पाठवलाय त्यातल्या बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेतच आहेत आणि ते दोघं कोथरूडला किंवा ठाण्यात. मुलगा वाईट आहे का? नाही हो. तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या (कायमच्या वास्तव्याच्या) रांगेत आहे, आईवडिलांना कायमचं आणायचं तर आधी स्वतः नागरिक व्हावं लागतं, तोपर्यंत व्हिजिटर व्हिसा आणि एका वेळी साधारण सहा महिने. नागरिक झाला, वय २१ च्या वर असलं, की आईबापांना वार्षिक कोटाच नाही, ते थेट येऊ शकतात. म्हणजे म्हातारपणी कोण कोणाजवळ राहणार हे बऱ्याचदा व्हिसा ऑफिस ठरवतं.

आणि त्या सहा महिन्यांचीही एक गंमत आहे. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा नियम असा की जो माणूस त्या पत्त्यावर दोन महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामाला आहे तो त्या घरातला धरायचा. त्यामुळे कोथरूडच्या काकू नातवासाठी सहा महिने क्वीन्सला आल्या आणि नेमका तेव्हाच फॉर्म आला तर त्या अधिकृतपणे तीन पिढ्यांच्या अमेरिकन घराच्या सदस्य, आणि तिथल्याच सोफ्यावर बसून त्या हा मेसेज ग्रुपवर टाकत असतात.