सूचनापेटीत फक्त चहाच्या तक्रारी निघाल्या, त्याबद्दल

बाब, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, लगेच उत्तर दिलं नाही कारण त्यातला वैताग खरा आहे. तुम्ही लिहिलंय की डिचोलीच्या तुमच्या प्रेस शॉपात, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, सूचनापेटी लावली, सहा महिन्यांनी उघडली तर आत चहा पातळ आणि पंखा बंद एवढंच, हे इनोव्हेशन वगैरे जपानात चालतं, आपल्या कामगाराला ओव्हरटाइम सोडून काही नको, आणि नवीन करायचं तर पैसा लागतो तो छोट्या युनिटकडे नसतो.

पहिलं म्हणजे, सहा महिन्यांनी? ज्याने पंख्याचं लिहिलं तो सहा महिने तसाच घामात उभा होता, तो आता डायबद्दल, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याबद्दल, कशाला लिहील! पंखा दुसऱ्या दिवशी फिरला असता तर महिन्याभरात कोणीतरी मशीनबद्दल बोललं असतं, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

जपानचं म्हणाल तर टोयोटाची सूचना योजना १९५१ ची, आणि ती कल्पना टोयोटाचेच एजी टोयोडा अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात बघून आले होते. म्हणजे ती त्यांच्याही रक्तात नव्हती, शिकून घेतलेली आहे.

आता पैशाचं. तुमचं प्रेस शॉप आहे म्हणून तुमच्याच कामातलं सांगतो. १९६९ ला टोयोटात १००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे, शिगेओ शिंगो या जपानी इंजिनियरने तिथल्या लोकांना घेऊन ते दीड तासावर आणलं आणि पुढे तीन मिनिटांवर. नवीन प्रेस नाही घेतला. मशीन बंद असतानाच करावं लागणारं काम कोणतं आणि मशीन चालू असताना उरकता येणारं कोणतं, एवढं आधी वेगळं केलं. आपल्याकडे काय होतं, प्रेस थांबला की मग पाना शोधायचा, मग डाय रॅकवरून काढायची, मग कळतं की बोल्ट आखूड आहे, मग स्टोअरला माणूस पाठवायचा, हे सगळं आधी होऊ शकतं. मग डायची उंची. प्रत्येक डाय वेगळ्या उंचीची म्हणून दर वेळी स्ट्रोक, म्हणजे प्रेस किती खाली यायचा ते, सेट करत बसायचं, त्यापेक्षा कमी उंचीच्या डायखाली प्लेट कायमची बसवून टाकली की सगळ्या सारख्या. बोल्टचंही तेच, शेवटच्या आट्यालाच तो आवळतो, आधीचे दहा आटे नुसता वेळ, म्हणून एका बाजूने कापलेला वॉशर सरकवायचा आणि नट पूर्ण काढायचाच नाही. याला लागतं काय, स्क्रॅपमधली प्लेट आणि वेल्डर.

आणि हे सुचतं कोणाला, तर जो रोज डाय बदलतो त्याला. मी कुंडईला एका कारखान्यात होतो तिथे एका फिटरने स्वतःहून फिक्श्चर, म्हणजे पीस पकडून ठेवायचा साचा, बनवून ट्रायल घेतली, वीस-बावीस पीस गेले, आणि ते रिजेक्शन सरळ त्याच्या शिफ्टच्या नावावर चढलं, सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली ती वेगळीच. फिक्श्चर चुकीचं नव्हतं, पीस नेमक्या जागी बसवणारी लोकेटिंग पिन फक्त थोडी सैल होती, आणखी एका ट्रायलमध्ये जमलं असतं. त्यानंतर तो माणूस तिथे अनेक वर्षं होता पण परत कधी काही सुचवलं नाही. मीही तेव्हा गप्प बसलो, ते अजून सलतं. म्हणून म्हणतो, ट्रायलचे पीस वेगळ्या रजिस्टरात लिहा, शिफ्टच्या प्रोडक्शनमधून कापू नका. पेटीपेक्षा याने जास्त फरक पडेल.

आपला माणूस नवं करत नाही हे तर मला पटतच नाही. काजूच्या फेणीची भट्टी बघा. रस उकळायचं मातीचं भाण जाऊन तांब्याचं आलं, वाफ ज्या मडक्यात उतरते त्याच्यावर सतत गार पाणी ओतत बसायला लागायचं, तिथे आता टाकीत बुडवलेली कॉइल असते. कुठल्या आर अँड डी डिपार्टमेंटने केलं हे? भट्टीवरच्यांनीच. आणि तरीही ती फेणीच राहिली, २००९ ला गोव्याची खास म्हणून जीआय टॅगही मिळाला.

तुमच्याकडे पुढची डाय बदलताना मोबाइलवर पूर्ण व्हिडिओ काढा, बदलणाऱ्याला आधी विचारून, आणि मग त्याच्याच बरोबर बसून बघा की किती मिनिटं हात डायवर होते आणि किती मिनिटं माणूस नुसता चालत होता. प्रेस किती टनी आहे आणि डाय किती आहेत ते इथेच लिहा, डिचोलीला माझं येणं असतं, एखाद्या रविवारी बरोबर बसून बघू.