स्वर्गाची मुदत ठेव? एका प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी,

(सहीखाली ‘निवृत्त शिक्षक, गुहागर’ आहे, म्हणून गुरुजीच म्हणतो.) वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या (म्हणजे चर्चच्या पॅरिशच्या) धान्यवाटपावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की स्वर्ग मिळावा म्हणून केलेलं दान ही नुसती मुदत ठेव, त्यात पुण्य कसलं? आणि वर फोटो!

फोटोपुरतं शंभर टक्के मान्य. तांदळाचं पोतं खांद्यावर घेतलेला तो इसम मीच. कॅमेरा दिसल्यावर पोटही आत घेतलं होतं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशू म्हणतो, कर्णे वाजवून दान करणारे आपलं प्रतिफळ भरून पावले. तिथलं ग्रीक क्रियापद त्या काळी पैसे पोचल्याच्या पावतीवर लिहीत. हिशेब चुकता, पुढचं येणं काही नाही. फोटोला लाइक पडले तेव्हाच माझीही पावती फाटली.

मुदत ठेवीचा आरोप मात्र तुमच्या आधी आमच्या घरच्यांनीच, म्हणजे ख्रिस्ती विचारवंतांनीच, केलाय, आणि तुमच्याहून कडक शब्दांत. संत ऑगस्टीन पाचव्या शतकात रोमन वीरांचा त्याग मान्य करतो, पण तो कीर्तीच्या हावेपोटी होता म्हणतो आणि मत्तयचं हेच वाक्य त्यांना लावतो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर तर १५१५-१६च्या व्याख्यानांत सांगतो की माणूस मुळात स्वतःकडेच वाकलेला आहे, देवाकडेसुद्धा तो आपल्याच लाभासाठी जातो.

मग निखळ, स्वर्गाचीही आशा नसलेलं प्रेम हवं का? तुम्हाला तेच हवंय असं दिसतं. फ्रान्समध्ये आर्चबिशप फेनेलाँ यांनाही तेच हवं होतं. खरा भक्त स्वतःच्या तारणाबद्दलही (मोक्षाबद्दलही) उदासीन होऊ शकतो, असं त्यांनी १६९७मध्ये एका पुस्तकात मांडलं. बिशप बॉस्युए त्यांच्यावर तुटून पडले, आणि १६९९मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी त्या पुस्तकातली २३ विधानं दोषी ठरवली. ‘इतका निःस्वार्थ नको’ असं रोमने सांगावं, याचं मला आधी हसू आलं होतं. आता पटतं. शाश्वत प्रतिफळावर नजर ठेवून सत्कर्म करणारा पाप करतो असं म्हणू नये, हे कॅथलिक चर्चच्या त्रेंतच्या धर्मसभेनं १५४७मध्येच ठरवलं होतं. मत्तयच्या त्याच अध्यायात, दोनच ओळींनंतर, गुप्तपणे पाहणारा पिता फेड करील असं येशूही सांगतोच की!

माझी आजी पाचूबंदरची. बोट आली की आपल्या वाट्यातली मासळी शेजारच्या विधवेला द्यायची, आणि तोंडावर सांगायची, “मी मेल्यावर माझ्यासाठी मिस्सा सांग हां!” (मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थनाविधी.) उघड सौदा, गुरुजी. त्या बाईंनी तो पाळलाही. दर वर्षी आजीच्या पुण्यतिथीला त्या पहिल्या बाकावर असायच्या. आजीचा हेतू किती टक्के शुद्ध होता ते मला मोजता येत नाही. मला भीती वाटते ती माझ्यासारख्याची, ज्याला फेड स्वर्गातून नको, मोबाइलवर आणि लगेच हवी असते.

फोटो काढून टाकलाय. वाटप या रविवारीही आहे, आणि पोती उचलायला दोन माणसं कमी पडताहेत.