सातमाशी बाळाला बदामाचं चाटण?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू कच्चा राहतो. बदाम उगाळून तूप-मधातून चाटवा. आईचं दूध पातळ असतं, डब्याचं द्या. डीएचएचे थेंब दिले की बाळ हुशार होतं.'

पहिल्या वाक्यात तथ्य आहे. ३५व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या जेमतेम दोन-तृतीयांश भरतं. पुण्याच्याच केईएम रुग्णालयाने २००० ग्रॅमच्या आतल्या बाळांचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेत होता, पण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा कमी. काळजी रास्तच आहे, उपाय चुकलेत.

'आईचं दूध पातळ.' हिशोबच मांडू. बाळ १२०० ग्रॅमचं, दूध किलोमागे १८० मिली, म्हणजे दिवसाला २१६ मिली. महिन्याभराने आईच्या १०० मिली दुधात प्रथिनं साधारण १.२ ग्रॅम उरतात. पोटात गेली २.६ ग्रॅम, हवीत किलोमागे ३.५ ते ४, म्हणजे ४.२ ते ४.८. तूट मोठी आहे, पण ती भरायला दूध बदलत नाहीत, त्याच दुधात फोर्टिफायर, म्हणजे प्रथिनं आणि क्षार वाढवणारी पूड, घालतात. एरवी १ ग्रॅमची पुडी २५ मिलीला. १० मिलीत अख्खी पुडी रिकामी केली की दूध दाट होऊन पोट फुगतं. अंदाजाने अर्धी टाकली की तूट तशीच राहते. डब्याच्या दुधावर आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा धोका, म्हणजे एनईसी, वाढतो. त्यातून वाचलेल्या बाळांच्या मेंदूलाही त्याची झळ बसते. आईचं दूध कमीच पडलं तर ससूनसारख्या रुग्णालयात मिल्क बँक आहे, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध मिळतं. तिथलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं पाश्चराइज केलेलं असतं. त्यात प्रथिनं आणखी कमी, तेव्हा फोर्टिफायर तिथेही लागतो.

आणि एक गळती कागदावर दिसतच नाही. सिरिंजमध्ये दूध थोडा वेळ राहिलं की स्निग्धांश वर तरंगतो आणि नळीला चिकटून तिथेच राहतो. चार्टवर पूर्ण फीड, बाळाच्या पोटात मात्र बिनसायीचं दूध. पंपाने देताना सिरिंजचं तोंड वर ठेवलं तर साय आधी जाते. हाताने देताना दूध आधी हलकेच फिरवून घ्यावं, खळखळवू नये.

'बदाम, तूप, मध.' बदामात डीएचए, म्हणजे मेंदूला लागणारं ओमेगा-३ मेदाम्ल, नसतंच. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याला बसू लागतो. त्याआधी चाटण श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि फुप्फुसात गेलेल्या तुपाचा न्यूमोनिया चिवट असतो. मध वर्षाच्या आत नाहीच, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो. पुष्य नक्षत्रावर दिलेल्या सुवर्णप्राशनातला मधही मधच.

'डीएचएचे थेंब.' इथे थोडं खरं सापडतं. २९ आठवड्यांआधी जन्मलेल्यांना रोज किलोमागे ६० मिलिग्रॅम दिल्यावर पाचव्या वर्षी बुद्ध्यांक सुमारे ३.५ गुणांनी जास्त दिसला (२०२२). पण त्याच चाचणीत फुप्फुसांना फायदा झाला नव्हता, उलट त्रास किंचित वाढल्याची शंका होती. ३४ आठवड्यांच्या बाळाला हा निष्कर्ष लावून दुकानातून बाटली आणू नये.

मेसेजमध्ये लोहाचं नावही नाही, याचा खरा राग येतो. मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला लोह लागतं, आणि त्याचा साठा शेवटच्या तीन महिन्यांत होतो. १५०० ग्रॅमच्या आतल्या बाळाला साधारण दोन आठवड्यांपासून रोज किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम देतात. बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते, म्हणून शेजारच्या बाळाचे 'दहा थेंब' आपल्या कामाचे नाहीत. डॉक्टरांना मिलिग्रॅम विचारा आणि ते बाटलीवरच्या 'एलिमेंटल आयर्न'शी, म्हणजे औषधातल्या प्रत्यक्ष लोहाच्या आकड्याशी, ताडून पाहा. जास्त झालेलं लोह विषारी ठरतं.

घरी नेल्यावर आठवड्यातून एकदा, न ताणणाऱ्या टेपने, भुवयांच्या वरून मागच्या उंचवट्यापर्यंत डोक्याचा घेर मोजा. सुरुवातीला दर आठवड्याला १ सेंमीच्या आसपास वाढ हवी. दोन आठवडे टेप हललीच नाही तर आधी दुधाचा हिशोब तपासायचा. एका आठवड्यात २ सेंमी वाढला तर ते बाळसं नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, डोक्याची सोनोग्राफी लागू शकते.