उन्हानं गुग्गुळाची गुणसूत्रं दुप्पट होत नाहीत

"वाळवंटाच्या उष्णतेनं गुग्गुळाची गुणसूत्रं 26 ची 52 झाली, त्यातूनच औषधी गुण आला. सोलापूरच्या उन्हात लावा, दोन-तीन पिढ्यांत आपली स्वतंत्र जात तयार!" हा मजकूर सूक्ष्मदर्शकाच्या एका फोटोसह शेतकरी ग्रुपांवर फिरतोय.

आधी ते 52. राजस्थान-गुजरातच्या गुग्गुळाची नोंदलेली संख्या 2n = 26 आहे, म्हणजे शरीराच्या प्रत्येक पेशीत 26 गुणसूत्रं. मोजणीसाठी घेतलेली मुळांची टोकं कोल्चिसीन या रसायनात रात्रभर राहिली, की विभाजन अडून काही पेशींत संख्या दुप्पट होते. ती रसायनाची करामत, झाडाची नव्हे. स्क्वॅश करताना, म्हणजे टोक काचपट्टीवर दाबून पसरवताना, शेजारच्या दोन पेशी फुटून मिसळल्या तरी 26 अधिक 26 दिसतात. मोजणी नीट करायची तर सकाळी मुळांची कोवळी टोकं तोडून 0.002 मोलर 8-हायड्रॉक्सिक्विनोलिन या रसायनात 14 ते 16 अंशांना तीन तास ठेवा. मग तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये 24 तास. त्यानंतर 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये 60 अंशांना 8 ते 10 मिनिटं आणि शेवटी 2 टक्के ॲसिटो-ऑर्सिन हा रंग. सोलापुरात एप्रिलमध्ये पहिली पायरी टेबलावरच, खोलीच्या उकाड्यात उरकली, तर गुणसूत्रं चिकटून गोळा होतात आणि मोजणाऱ्याला हवा तो आकडा दिसतो. वेगवेगळ्या झाडांच्या डझनभर चांगल्या पेशी मोजल्याशिवाय आकडा सांगू नये.

औषधी गुणाचं म्हणाल, तर मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची गुणसूत्रं 20 आणि मक्याचीही 20. आकड्यानं गुण ठरत नाही. डिंकातलं गुग्गुलस्टेरॉन हे औषधी द्रव्य जनुकांनी घडवलेल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) साखळीतून बनतं.

"दोन-तीन पिढ्यांत नवी जात" हा दावा तर मुळातच लंगडा. निवडीला आनुवंशिक फरक लागतो. ऊन तो मागणीनुसार घडवत नाही. त्यात गुग्गुळाची बहुतेक झाडं मादी, नर क्वचित. परागीभवनाशिवाय बी धरतं, गर्भ बीजांडाच्या प्रदेहातून, म्हणजे आईच्याच पेशींच्या थरातून येतो, म्हणजे आईची नक्कल. एका बीत कधी एकाहून जास्त गर्भही असतात. छाट कलम म्हणजेही नक्कलच. पण म्हणून सगळा गुग्गुळ एकसारखा, असंही नाही: डीएनए चाचण्यांत वेगवेगळ्या भागांतल्या झाडांत फरक सापडला आहे.

तेव्हा लागवड करायचीच असेल, तर एकाच झाडाच्या शंभर फांद्या आणू नका. अतिकाढणीमुळे 2015 पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या अतिसंकटग्रस्त यादीत असलेलं हे झाड, म्हणून रानातून ओरबाडूही नका. रोपवाटिकेतूनच, वेगवेगळ्या मातृवृक्षांची, बोटभर जाड, 20 ते 25 सेंटीमीटरची छाटं घ्या आणि प्रत्येकाला मातृवृक्षाचा क्रमांक बांधा. काळ्या रानात पाणी साचलं की छाट खालून कुजतं. मुरमाड उतार बघा.